मागच्या बाकावरची माणसं

(शिरूर आणि दौंड इथं दिलेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्र शब्दांकन आहे. पुनरुक्ती कमी केली आहे. बाकी भाषा बोललेलीच ठेवली आहे.)



आज आम्ही दोघं मिळून बोलणार आहोत. आमच्यापैकी एकानं बरीच वर्षं तालुका कोर्टात वकिली केली, दुसरीनं तेवढीच वर्षं नाटक-सिनेमावर लिहिण्यात घालवली. म्हणून विषयही दोघांच्या मधला घेतला : कोर्टात मागच्या बाकावर बसणारा माणूस. गाजलेल्या फौजदारी खटल्यात तो कसा वागतो, त्याच्या वागण्यानं बंदोबस्त कसा बदलतो, आणि आपल्या नाटकानं, सिनेमानं त्याच्याकडे कसं पाहिलं.

विषय ठरवताना आम्हाला विचारलं गेलं, "कोर्टात प्रेक्षक कुठून आला? ते काय नाट्यगृह आहे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कायद्यातच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६६, असं सांगतं की फौजदारी खटला जिथं चालतो ती जागा खुलं न्यायालय मानली जाईल आणि तिथं सोयीनं मावतील तितक्या लोकांना आत यायची मुभा राहील. न्यायाधीशाला एखाद्या टप्प्यावर लोकांना, किंवा एखाद्याच माणसाला, बाहेर ठेवता येतं. बलात्काराच्या खटल्यात तर सुनावणी बंद दाराआड व्हायची असते. पण नियम खुलेपणाचा आणि बंद दार हा अपवाद.

आता 'सोयीनं मावतील तितक्या' म्हणजे किती? तालुका कोर्टात ते दोन बाकांइतके असतात. पुढे वकिलांच्या खुर्च्या, कडेला आरोपीचा पिंजरा, दाराशी पुकारा करणारा शिपाई, आणि मागे भिंतीला लागून दोन बाकं. त्यांवर आरोपीची आई, फिर्यादीचा भाऊ, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारे पक्षकार, आणि क्वचित कुणी नुसतंच बघायला आलेलं. आजचं आमचं सगळं बोलणं त्या दोन बाकांबद्दल आहे.

सुरुवात आपल्याच भागापासून करू.

शिरूरकरांना करडे गाव कुठं आहे हे सांगायला नको. १८७४ च्या अखेरीस तिथं एका सावकारानं गावच्या देशमुखावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि कर्जापायी त्याच्या घरादाराला हात घातला. गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, सुप्याला उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आणि दौंडकरांनो, तुमचं गावही त्याच भीमथडीत होतं. तिथून हे लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. जमावाला काय हवं होतं? नंतर नेमलेल्या चौकशी आयोगानं नोंदवून ठेवलं की बहुतेक ठिकाणी लोक कागदांच्या मागे होते. कर्जरोखे, हुकूमनामे. ते हाती लागले, जाळून झाले, की जमाव पांगायचा. माणसांवर हात फारसा पडला नाही.

हा इतिहास शेतकऱ्याच्या कर्जाचा म्हणून शिकवतात, आणि तो आहेच. आम्ही त्याच्याकडे जरा दुसऱ्या अंगानं बघतो. ते हुकूमनामे मोठ्या संख्येनं एकतर्फी होते. कूळ कोर्टात जायचंच नाही. कोर्ट लांब, भाषा कागदाची, वकील परवडायचा नाही, आणि गेलं तरी रोख्यावर निशाणी आपलीच. म्हणजे त्याच्या घराचा निकाल एका खोलीत लागत होता आणि तो स्वतः त्या खोलीत नव्हता. मग तो बाजारात जमला. सरकारनं फौज आणून उठाव मोडला खरा, पण पुढे १८७९ चा शेतकऱ्यांसाठीचा कायदा करावा लागला, आणि त्यातली एक सुधारणा नेमकी ही होती : प्रतिवादीला बोलवा, त्याची जबानी घ्या, रोख्याच्या मागचा व्यवहार तपासा. थोडक्यात, त्याला खोलीत आणा.

म्हणून आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवायला नको. ज्याला कोर्टात बसून बघता येत नाही, तो एक ना एक दिवस बाहेर जमाव म्हणून उभा राहतो. तो जमाव आत घुसला की कोर्ट दार लावून घेतं. दार लागलं की बाहेर थांबणारे आणखी वाढतात. हे चक्र फक्त पोलिसांनी थांबणारं नाही. मागच्या बाकावर कसं बसायचं, हे आपल्याला शिकावं लागेल.

आता नाटकाकडे येतो. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आलं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक इथं बहुतेकांनी पाहिलं किंवा वाचलं असेल, म्हणून गोष्ट थोडक्यात. एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. मूळ प्रयोगातला खटला अमेरिकेच्या अध्यक्षावर, जॉन्सनवर. पण गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला कोर्ट कसं चालतं हे कळावं म्हणून वेळ घालवायला एक खोटा खटला उभा करतात, आणि आरोपी ठरवतात बेणारेबाईंना. आरोप बालहत्येचा. बघता बघता खोट्या खटल्यातलं खोटेपण गळून पडतं.

या नाटकाबद्दल आजवर जे बोललं गेलं, ते बाईबद्दल, मध्यमवर्गाच्या दांभिकपणाबद्दल. ते योग्यच आहे. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. या कोर्टात प्रेक्षक कुणीच नाही. जो बाकावर बसलाय तो पुढच्या क्षणी साक्षीदार होतो. काशीकर न्यायाधीश आहेत, पण त्यांनाही राहवत नाही. ते खुर्चीवरून उतरून साक्षीला उभे राहतात. काशीकरबाई आरोपीला स्वतः ओढत पिंजऱ्यात आणतात. आणि सामंत? तो तर बघायला आलेला, शिकायला आलेला. त्यालाही साक्षीला उभं करतात, आणि तो बिचारा हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. सगळे पक्षकार झाले की कोर्टाचं काय होतं, ते तेंडुलकर दाखवतात. उद्या टीव्हीवर एखाद्या खटल्याची चर्चा बघाल तेव्हा सामंताची आठवण ठेवा. कादंबरीतलं वाचून साक्ष देणारे तिथं बरेच भेटतील.

दुसरी गोष्ट दाराची. बेणारे निघून जायला बघते तेव्हा दार उघडत नाही. कडी बाहेरून लागलेली असते. कुणी कट करून लावलेली नाही. ती तशीच बसते, हे नाटकाच्या सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. मग ते दार उघडतं कधी? शेवटी. आणि कोण उघडतं? प्रयोग बघायला आलेले गावकरी. प्रयोग सुरू झाला का, असं विचारत ते डोकावतात आणि त्या क्षणी आतला खटला संपतो. बाहेरच्या माणसाची नजर आत पडली, एवढंच झालं. खुलं न्यायालय म्हणजे काय, हे मराठीत याच्याइतकं नेमकं कुणी दाखवल्याचं आम्हाला आठवत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. ते गावकरी अर्धा तास आधी आले असते तर? त्यांनी बेणारेला सोडवलं असतं, की बाकावर बसून हसले असते? तेंडुलकर हा प्रश्न टाळतात. त्यांचा प्रेक्षक वेळेवर येत नाही, म्हणून तो निर्दोष राहतो. प्रत्यक्षातला प्रेक्षक वेळेवर येतो, आणि कधी कधी तयारीनं येतो.

१३ ऑगस्ट २००४. नागपूरचं जिल्हा न्यायालय. कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षं छळणारा अक्कू यादव नावाचा गुंड तिथं आणला होता. वस्तीतल्या बायकांचं म्हणणं असं की बलात्कार, खून, खंडणी, सगळं त्यानं केलं आणि पोलिसांकडे जाऊन काही उपयोग झाला नाही. हा आता जामिनावर सुटून परत येणार, अशी वस्तीत भीती होती. त्या दिवशी बायकांचा जमाव कोर्टात घुसला. मिरचीपूड, दगड, चाकू. कोर्टाच्या खोलीतच त्याला मारलं. पुढे जमावातल्या आरोपींवर खटला चालला आणि २०१४ साली ते निर्दोष सुटले.

हे सांगितलं की सभागृहात नेहमी दोन गट पडतात. एक म्हणतो, बरं केलं. दुसरा म्हणतो, कायदा हातात घेतला. आम्ही दोन्ही बाजूंनी थोडं थांबायला सांगतो. ज्या बायकांची तक्रार ठाण्यात कुणी नीट ऐकली नाही, त्यांना शिस्तीचे धडे देण्याचा अधिकार निदान आम्हाला नाही. करड्याच्या कुळासारख्याच त्या. त्यांच्याबद्दल निर्णय होत होता आणि त्या खोलीत त्यांना जागा नव्हती. पण त्यांनी काय गमावलं तेही बघा. आरोपी मेला की त्याच्यावरचे खटले त्याच्याबरोबर संपतात. त्या माणसानं त्यांच्यावर काय काय केलं, याचा पुराव्यानिशी लिहिलेला निकाल आता कधीच होणार नाही. ज्या पोलिसांनी तक्रारी दाबल्या असं त्या म्हणत होत्या, त्यांनाही त्या खटल्यात कुणी उलटतपासणीत विचारणार नाही. जमावानं गुंड संपवला आणि त्याच्या पाठीराख्यांची सुटका केली.

याच्या शेजारी कोपर्डी ठेवा. इथून फार लांब नाही. कर्जत तालुका, तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा. जुलै २०१६ मध्ये शाळकरी मुलीवर अत्याचार आणि तिचा खून. सगळा महाराष्ट्र रस्त्यावर आला आणि लाखालाखांचे मोर्चे शांतपणे निघाले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, काही जण त्यात चाललेही असाल. मग एप्रिल २०१७ मध्ये, खटला सुरू असताना, कोर्टाच्या आवारात आरोपींवर शस्त्रानं हल्ल्याचा प्रयत्न झाला. तो फसला. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. १८ तारखेला तिघांना दोषी ठरवलं, २९ तारखेला फाशी सुनावली.

विचार करा, तो हल्ला यशस्वी झाला असता तर? त्या मुलीच्या आईवडिलांच्या हातात आज निकालाची प्रत नसती. साक्षी, तपासण्या, वैद्यकीय पुरावा, कुणी काय केलं याची एकेक नोंद, यातलं काही राहिलं नसतं. हातात राहिली असती दंगलीची एक बातमी आणि हल्लेखोरांवरचा नवा खटला. त्या दिवशी आरोपींभोवती उभ्या असलेल्या पोलिसांना बाहेरून शिव्या पडल्या असतील. आमच्या मते ते आरोपीइतकंच त्या मुलीच्या निकालाचंही रक्षण करत होते. आरोपीला वाचवणं आणि फिर्यादीला न्याय देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं लोकांना वाटतं. कोर्टाच्या आवारात त्या एकच असतात.

आता म्हणाल, म्हणजे प्रेक्षकानं भावनाच ठेवायची नाही का? तसं नाही. एक जुनं उदाहरण देतो. गांधीहत्येच्या खटल्यात अपील सिमल्याला चाललं, १९४९ च्या मे महिन्यात. नथुराम गोडसेनं स्वतः बाजू मांडली. अपील ऐकणाऱ्या तीन न्यायमूर्तींपैकी एक, गो. द. खोसला, यांनी नंतर लिहून ठेवलंय की त्याचं भाषण ऐकताना लोक हेलावले, बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशीच्या श्रोत्यांनाच ज्युरी म्हणून निकाल द्यायला सांगितलं असतं तर त्यांनी प्रचंड बहुमतानं त्याला निर्दोष ठरवलं असतं. ही आठवण काही जण नथुरामच्या गौरवासाठी सांगतात. आम्ही ती उलट कारणासाठी सांगतो. एवढी हेलावलेली खोली होती, पण लोक जागेवर बसून राहिले, आणि न्यायाधीशांनी ते अश्रू पुराव्यात धरले नाहीत. फाशी कायम झाली. भावना असायला हरकत नाही. ती निकालपत्रात उतरली की मात्र गांधीजींच्या मारेकऱ्यासारखा माणूसही भाषणाच्या जोरावर सुटू शकतो.

दहा वर्षांनी मुंबईत ती उतरलीच. कमांडर नानावटी खटला, १९५९. बाहेर गर्दी, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाची नानावटींच्या बाजूनं मोहीम, आणि नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा निर्दोषाचा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं शिक्षा झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मागच्या बाकावरचं मत ज्युरीच्या बाकावर जाऊन बसलं, असं आम्ही त्याचं वर्णन करू.

याच 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश मिरजकर. एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात, म्हणजे दिवाणी प्रकरणात, एका साक्षीदाराची साक्ष छापू नका, असं न्यायमूर्ती तारकुंड्यांनी तोंडी सांगितलं. मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला, बहुमताचं निकालपत्र सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचं. कोर्ट खुलं असणं हा न्यायाचा पाया आहे, लोकांच्या नजरेनं न्यायाधीशावरही अंकुश राहतो, हे त्यांनी मान्य केलं. पण न्यायच बिघडत असेल तर न्यायाधीश मर्यादा घालू शकतो, असं म्हणून याचिका फेटाळली. हिदायतुल्लांनी वेगळं मत दिलं. आम्हाला त्यातून एवढंच घ्यायचंय : खुलेपणा न्यायासाठी आहे. आपली उत्सुकता भागवायला तो दिलेला नाही.

आता सिनेमा. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', २०१५ साली चित्रपटगृहात आला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे, भूमिका वीरा साथीदारांची, यांच्यावर आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. हिंदी सिनेमातल्या कोर्टात जो आरडाओरडा असतो, टेबलावर हात आपटणं असतं, तसं इथं काहीच नाही. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. मागच्या बाकावर बसल्यासारखा. कंटाळा येईपर्यंत बघत राहतो. चांगला प्रेक्षक कसा बसतो हे शिकायचं असेल तर त्या कॅमेऱ्याकडून शिकावं.

त्यात दोन प्रसंग आमच्या विषयाचे आहेत. एका बाईच्या प्रकरणाचा पुकारा होतो आणि न्यायाधीश ते ऐकायला नकार देतात, का, तर तिनं बिनबाह्यांचा पोशाख घातलाय. कोर्टाची शिस्त! आणि दुसरा प्रसंग : बचावाचे वकील व्होरा कोर्टात एका जुन्या पुस्तकातला मजकूर वाचून दाखवतात, तो एका पंथाला लागतो, आणि काही दिवसांनी बाहेर जेवून निघताना दोघं जण त्यांच्या तोंडाला काळं फासतात. आत काय झालं? काहीच नाही. आत सगळे शांत होते. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की टीका आपोआप उभी राहते. आपली शिस्त बाह्या मोजते आणि खरी धमकी दाराबाहेर पाळत ठेवून उभी असते.

सिनेमावर आमचा एक आक्षेप आहे. न्यायाधीश सदावर्त्यांवर थिएटरात लोक हसले. आम्हीही हसलो. पण हसलो की आपण शहाणे आणि तो मूर्ख, असं सोपं वाटून जातं. मागच्या बाकावरच्या कांबळेंच्या माणसांना हसू येत नाही, कारण त्यांना पुढची तारीख मिळालेली असते. प्रेक्षकगृहातला प्रेक्षक आणि कोर्टातला प्रेक्षक यांच्यात एवढा फरक राहतोच, आणि सिनेमा तो पुसून टाकतो.

व्होरांचा प्रसंग कुणाला अतिरंजित वाटेल. २००९ साली अजमल कसाबच्या बचावासाठी अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली, त्या रात्री त्यांच्या घरासमोर जमाव आला, दगड पडले. त्याच खटल्यातल्या एका भारतीय आरोपीचे वकील शाहीद आझमी यांना फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्याच्या कार्यालयात गोळ्या घालून मारलं. खटला आर्थर रोड तुरुंगातच खास उभारलेल्या कोर्टात चालला. कोठडीपासून कोर्टापर्यंत बंद, भक्कम वाट. आत फक्त पासधारक. न्यायाधीश ताहिलयानींनी मे २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवलं, आणि त्याच निकालात दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. सर्वोच्च न्यायालयानंही ती सुटका कायम ठेवली. दोघांना सोडण्याचं धैर्य त्या खोलीत टिकलं, याचं थोडं श्रेय त्या भिंतींनाही द्यायला हवं. बंदोबस्ताला आमचा विरोध नाही, तो एवढ्यासाठीच. १ जानेवारी २०१८ नंतर शिरूर तालुक्याला बंदोबस्ताची गरज समजावून सांगावी लागत नाही.

पण त्या भिंतींची सवय लागायला नको. अपवाद म्हणून केलेली गोष्ट आपल्याकडे लवकर वहिवाट होते. आता रिमांडला कित्येकदा आरोपी कोर्टात आणतच नाहीत. येरवड्यातून व्हीसीवर दिसतो. कैदी पार्टी वाचते, गाडी वाचते, हल्ल्याची भीती राहत नाही. सगळं खरं. पण गावाहून एसटीनं आलेल्या त्याच्या आईला तो दिसत नाही. पडदा साहेबांकडे तोंड करून असतो. तिला वाटतं, माझ्या पोराचं काय झालं ते मला कुणी सांगितलंच नाही. करड्याच्या कुळाला असंच वाटत होतं.

आता एक कबुली द्यायची आहे. आमच्यापैकी जो वकील आहे त्याची, पण दोघांच्या संमतीनं.

जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मारामारीतून झालेल्या खुनाच्या प्रयत्नाची केस होती. गाव दोन भागांत फुटलेलं. आम्ही आरोपीकडून. नजरेनं बघितलेला साक्षीदार एकच, किराणा दुकानदार. त्या दिवशी मागची दोन्ही बाकं भरली होती, आमच्या पक्षकाराच्या भावकीनं. कुणी हू की चू केलं नाही. मोबाइल बंद, टोप्या काढून मांडीवर. शिपायाला हटकायला काही कारणच नाही. आणि तो दुकानदार प्रत्येक उत्तराच्या आधी मागे बघायचा. नुसतं बघायचा. तिसऱ्या प्रश्नाला म्हणाला, अंधार होता, चेहरा दिसला नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. आरोपी सुटला.

आम्ही काय करायला हवं होतं? उठून एवढंच म्हणायला हवं होतं, "साहेब, साक्ष चालू असेपर्यंत मागची बाकं रिकामी करावीत." कायद्यात ती सोय आहे. ते आम्ही म्हणालो नाही, कारण ती नजर आमच्या फायद्याची होती. बाहेर आल्यावर भावकीनं पेढे दिले, आम्ही खाल्ले. दुकानदार समोरून सायकल ढकलत गेला, त्यानं मान वर केली नाही. दगड, मिरचीपूड, काळं, यातलं काही नव्हतं. बाकावर बसून नुसतं बघण्यानंही खटला मारता येतो, हे त्या दिवशी कळलं, आणि त्यात आमचा हात होता.

म्हणून शेवटी काही साध्या गोष्टी. वकिलांसाठी पहिली. आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे ठराव वकील संघ करतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ते बेकायदा ठरवलेत. अशा ठरावानं कोर्टाच्या दारावर पहिली कडी वकीलच लावतात. दुसरी, साक्षीदारासाठी वेगळी बसायची जागा. असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्षकेंद्रं असावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. आपल्या तालुक्याच्या साक्षीदाराला त्याचा उपयोग होतो का, हे विचारायला आपण गेलं पाहिजे. तिसरी, दोन बाकांपैकी एक फिर्यादीच्या घरच्यांना, एक आरोपीच्या घरच्यांना, आणि उरलेली जागा गावाला. गर्दी जास्त असेल तर गावानं आळीपाळीनं बसावं. देवळात पंगती बसतात तेव्हा हे आपल्याला जमतं.

आणि चौथी तुमच्यासाठी. महिन्यातून एखादा दिवस कोर्टात जाऊन बसा. आपली केस नसताना. मोबाइल बंद करून, साक्षीदाराकडे रोखून न बघता, कुणाचीच बाजू न घेता. बोर्डावर असेल ते प्रकरण ऐका. कंटाळा येईल. कुणाची तरी तारीख पडेल, कुणीतरी रडेल, पंखा आवाज करेल. बसून राहा. पुढच्या वेळी एखाद्या दुकानदारानं उत्तराआधी मागे वळून बघितलं, तर त्याला तिथं भावकी दिसण्याऐवजी तुम्ही दिसाल.

एवढंच सांगायचं होतं. आता तुम्ही विचारा.